पुढच्या वर्षी काय चालेल?

नागपूर,
डिसेंबर २०२५

प्रिय बेटा,

तुझा मुख्य प्रश्न एका ओळीचा आहे. वर्ष संपत आलं, जिकडेतिकडे ‘२०२५चे टॉप ट्रेंड’ निघालेत, तर पुढच्या वर्षी त्यातलं काय पकडू? सोबत तू सहा याद्यांचे स्क्रीनशॉट जोडलेस, आणि एआय वापरू का, पैसे कसे मिळतील, हेही विचारलंस. ते सगळे वाचले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या याद्यांमध्ये फारसं नाही. ते नागपूरवरच्या तुझ्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलच्या आकड्यांत आहे आणि बरंचसं भिंतीवरच्या पंचांगात आहे. सविस्तर लिहितो, कारण हे काम जानेवारीत एकदा नीट केलंस की रोज सकाळी उठून ‘आज काय व्हायरल आहे’ हे धुंडाळावं लागणार नाही.

आधी याद्या कशा बनतात ते बघ. गूगलच्या वर्षाखेरच्या ‘ट्रेंडिंग’ यादीत सर्वांत जास्त शोधले गेलेले शब्द नसतात. मागच्या वर्षीपेक्षा ज्यांचा शोध सर्वांत जास्त वाढला, ते शब्द असतात. म्हणून ‘हवामान’ किंवा ‘रेल्वेचं वेळापत्रक’ असे बारा महिने शोधले जाणारे शब्द तिथे तुला सापडणार नाहीत. तुझ्यासारख्या लहान चॅनेलचं पोट मात्र अशाच, यादीत न येणाऱ्या शोधांवर भरतं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपचा वर्षाचा आढावा, ‘रॅप्ड’, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीलाच येतो, म्हणजे डिसेंबर त्यात धरलेला नसतो. त्यात एखादं गाणं ३० सेकंद वाजलं की ‘ऐकलं’ असं मोजतात. आणि यूट्यूबने तर जुलै २०२५ मध्ये आपलं ‘ट्रेंडिंग’ पानच बंद केलं. आता एकच एक यादी सगळ्यांना लागू पडत नाही, निरनिराळ्या गटांचे निरनिराळे ट्रेंड चालतात, असं त्यांनीच सांगितलं. ज्यांच्याकडे सगळे आकडे आहेत त्यांनी यादी मोडीत काढली, हे लक्षात ठेव आणि मग ते सहा स्क्रीनशॉट पुन्हा बघ.

त्या याद्यांतली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका खणात टाकायची. पहिला खण लाटेचा: आली, चढली, ओसरली. दुसरा हंगामाचा: दरवर्षी येते, जाते, पुन्हा येते. तिसरा वळणाचा: इथून पुढे वाटच वेगळी, मागे फिरणं नाही. तिन्ही गोष्टी ‘ट्रेंड’ याच एका शब्दाखाली येतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. लाटेमागे धावायचं नसतं, हंगामाची तयारी करायची असते आणि वळण आलं तर गाडी वळवायची असते.

लाटेचं थोडक्यात सांगतो. २०२५ मध्ये दोन मोठ्या लाटा तुझ्या डोळ्यांसमोर येऊन गेल्या. मार्चअखेरीस चॅटजीपीटीत चित्र काढायची नवी सोय आली आणि चारआठ दिवसांत सगळ्यांचे फोटो घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीत दिसू लागले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गूगलचं ‘नॅनो बनाना’ हे चित्रं बनवणारं एआय साधन आलं आणि सप्टेंबरात साडीतले फोटो आणि टेबलावर ठेवलेल्या बाहुलीसारख्या प्रतिमांचा पूर आला. या दोन्हींचे आलेख गूगल ट्रेंड्समध्ये, म्हणजे कोणता शब्द कधी किती शोधला गेला ते दाखवणाऱ्या गूगलच्या पानावर, काढून बघ. चढ काही दिवसांचा, उतार काही आठवड्यांचा. तुला एका व्हिडिओला शूटिंग, संकलन आणि थंबनेल मिळून दोनतीन दिवस लागतात. म्हणजे तुझा व्हिडिओ बाहेर पडतो तेव्हा लाट किनारा सोडून परत निघालेली असते. २४ तासांत काम पुरं होत असेल आणि लाटेचं नाव काढून टाकलं तरी महिन्याभराने त्या व्हिडिओला काही अर्थ उरत असेल, तरच हात घाल. एरवी लाटेवर आलेला माणूस पुढच्या व्हिडिओला परत येत नाही. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचे आकडे दिसतात तिथे, परत येणाऱ्या प्रेक्षकांची रेष बघ. लाटेच्या आठवड्यात ‘नवे प्रेक्षक’ उसळतात आणि ही रेष जागची हलत नाही. हे चित्र दिसलं की समज, मेहनत वाहून गेली.

आता वळणं. यंदाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शोधाच्या पानावर दुव्यांच्या आधी यंत्राने लिहिलेलं उत्तर येणं. गूगलचे हे ‘एआय ओव्हरव्ह्यू’ भारतात ऑगस्ट २०२४ पासून आहेत. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या वापरकर्त्यांची मार्च २०२५ची नोंद तपासली. असं उत्तर आलं की नेहमीच्या दुव्यावर क्लिक व्हायचं प्रमाण ८ टक्के होतं, न आलं तर १५ टक्के. जवळपास अर्धं. याचा तुझ्यासाठी अर्थ असा की ‘तर्री पोहे म्हणजे काय’ हे सांगणाऱ्या लेखाला किंवा व्हिडिओला आता भाव नाही, ते यंत्र दोन ओळींत सांगून टाकतं. पण आज सकाळी इतवारीत कुठली टपरी सातला उघडते, तर्री चण्याची की मटकीची, प्लेट केवढ्याला आणि गाडी कुठे लावायची, हे जाऊन बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तुझं भांडवल पायपिटीत आहे. प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात भेट दिल्याची तारीख, वेळ आणि भाव लिही. भाव बदलला की वर्णन सुधार. यात पाच मिनिटं जातात, पण वर्षाने पाहणाऱ्याचा विश्वास त्यावर टिकतो.

दुसरं वळण तुझ्या फायद्याचं आहे. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधात येऊ शकतात. म्हणजे रीलखालचं कॅप्शन आता लोकांनी शोधून काढायचं लिखाण झालं. तीन इमोजी आणि वीस हॅशटॅग टाकून मोकळं होऊ नकोस. देवनागरीत दोन पूर्ण वाक्यं लिही, त्यात ठिकाणाचं नाव, भागाचं नाव आणि पदार्थाचं किंवा सणाचं नाव येऊ दे.

तिसरं वळण म्हणजे निकृष्ट मजकुराला लोक विटणं. ते शब्दकोशवाल्यांच्या निवडीतही दिसतं. ऑक्सफर्डचा २०२४चा ‘वर्षाचा शब्द’ होता ‘ब्रेन रॉट’, म्हणजे फालतू मजकूर बघून डोकं सडणं, २०२५चा ‘रेज बेट’, म्हणजे मुद्दाम चीड आणून क्लिक मिळवणं. मेरियम-वेब्स्टरने २०२५साठी ‘स्लॉप’ निवडला: यंत्रातून ढिगाने काढलेला निकृष्ट माल. तिन्ही शब्द तक्रारीचे आहेत. लोक वैतागलेत, आणि कंपन्यांनाही त्याची दखल घ्यावी लागते आहे. १५ जुलै २०२५ला यूट्यूबने कमाईच्या धोरणातल्या ‘रिपिटिशियस’ मजकुराच्या नियमाचं नाव बदलून ‘इनऑथेंटिक’ केलं. एकाच साच्यातून काढलेले, जेमतेम फरकाचे, घाऊक बनवलेले व्हिडिओ त्यात येतात. यंत्राचा आवाज वापरला म्हणून कमाई बंद होत नाही. पण चाळीस व्हिडिओंना तोच आवाज, तीच चित्रं, तोच सांगाडा आणि फक्त गावाचं नाव बदललेलं असेल, तर धोका आहे. तुला पडलेला ‘एआय वापरू का’ हा प्रश्नही इथेच सुटतो. मुद्दे काढायला, उपशीर्षकं करायला, आवाजातली घरघर काढायला बिनधास्त वापर. घडलंच नाही ते घडलंय असं दाखवणारं दृश्य मात्र वापरशील, तर अपलोड करताना ‘बदललेला मजकूर’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणायचं. मार्च २०२४ पासून यूट्यूबवर ते बंधन आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या मसुद्यात तर अशा चित्रावर किमान १० टक्के जागेत खूण असावी असं सुचवलं होतं. अंतिम नियम काहीही असोत, खूण लावायची सवय आजच लाव.

याच वर्षी फुकटात मिळालेल्या एआय वर्गण्यांची एक यादी करून ठेव. एअरटेलसोबत पर्प्लेक्सिटी १२ महिने, जिओसोबत जेमिनी १८ महिने, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो एक वर्ष. जे जे घेतलं असशील त्याची संपायची तारीख कॅलेंडरात सात दिवस आधीची टाक आणि यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’च्या यादीत काही मंजूर होऊन बसलंय का ते बघ. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात ते त्याच दारातून.

आता हंगाम. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नागपूरच्या चॅनेलची खरी कमाई इथे आहे आणि बहुतेक जण नेमके इथेच चुकतात.

गूगल ट्रेंड्स उघड. ठिकाण भारत नको, महाराष्ट्र निवड. थेट नागपूर निवडायचा मोह होईल, पण शोध कमी असले की आलेखात शून्य येतं. तिथे शून्याचा अर्थ ‘कुणी शोधलं नाही’ असा नाही, ‘मोजण्याइतकं नाही’ असा आहे. महाराष्ट्राचा आलेख काढून मग खाली शहरांची यादी बघ, नागपूर कुठे आहे ते कळेल. कालावधी पाच वर्षांचा ठेव. वरच्या पर्यायांत ‘वेब सर्च’ऐवजी ‘यूट्यूब सर्च’ निवड, कारण तू व्हिडिओ करतेस. शब्द टाकताना ‘मारबत’ (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक) देवनागरीत आणि रोमन लिपीतही टाक, मधे अधिकचं चिन्ह दे. दोन्हींची बेरीज एका रेषेत येते. एकाच लिपीत बघितलंस तर अर्धे लोक सुटतात आणि तुला वाटतं हा विषय चालतच नाही.

आकडे वाचताना चार गोष्टी सांभाळ. १०० म्हणजे १०० शोध नव्हेत. तू निवडलेल्या काळातलं आणि ठिकाणातलं शिखर म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. म्हणून दोन वेगवेगळ्या आलेखांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. तुलना हवी तर दोन्ही शब्द एकाच आलेखात टाक, एका वेळी पाच शब्द चालतात. दुसरं, हे आकडे नमुन्यावर काढलेले असतात, आज आणि परवा तोच आलेख थोडा वेगळा येऊ शकतो. वेगवेगळ्या दिवशी तीनदा काढ आणि तिन्हीत दिसतं तेवढंच खरं मान. तिसरं, शेवटचा तुटक रेषेचा तुकडा अपुऱ्या आठवड्याचा असतो, तो खाली गेला म्हणून घाबरू नकोस. चौथं, जानेवारी २०२२ जवळ ‘नोंद’ अशी एक खूण दिसेल. तिथे गूगलने माहिती गोळा करायची पद्धत सुधारली. त्या जागी रेष उडी मारते, ती लोकांची आवड बदलल्याची खूण नव्हे.

आता मारबतचा आलेख बघ. वर्षभर सपाट आणि पोळ्याच्या आसपास एक सुळका. दरवर्षी एकच. पण सुळका दरवर्षी त्याच तारखेला येत नाही, आणि खरी गोम इथे आहे. आलेखाखालच्या तारखा इंग्रजी आहेत, पोळा श्रावण अमावास्येला असतो, मारबत आणि लहान मुलांचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. २०२५ मध्ये मारबत २३ ऑगस्टला निघाली. ‘मागच्या वर्षी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात चाललं होतं’ म्हणून तू २०२६ मध्ये चौथ्या आठवड्याची तयारी केलीस तर फसशील. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे तो महिना दोनदा येतो. त्यानंतरचे सगळे सण अडीच-तीन आठवडे पुढे सरकतात. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला जाते, दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला. पोळाही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. यंत्राने तयार करून दिलेली ‘कंटेंट कॅलेंडर’ बहुतेक वेळा इथेच आपटतात, कारण ती मागच्या वर्षीची तारीख पुढे ढकलतात. आपल्याकडे दर दुकानात फुकट मिळणारं पंचांग या कामात त्यांच्यापेक्षा भरवशाचं आहे.

दीक्षाभूमीचं वेगळं आहे, ते नीट समजून घे. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची, आणि त्या दिवशी विजयादशमी होती. दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा विजयादशमीला होतो, पण १४ ऑक्टोबर ही तारीखही लोकांच्या मनात आहे. म्हणजे शोधाचे दिवस दोन. २०२५ मध्ये त्यांच्यात १२ दिवसांचं अंतर होतं, २०२६ मध्ये सहाच दिवसांचं आहे, दोन्ही जवळजवळ जोडूनच येतील. बाहेरगावाहून लाखो लोक येतात, त्यांना इतिहासाइतकीच गरज असते ती मुक्कामाची सोय, पिण्याचं पाणी, बंद रस्ते आणि जवळचं मेट्रो स्टेशन यांच्या माहितीची. तो व्हिडिओ तीन आठवडे आधी टाक आणि वाहतूक पोलिसांचं परिपत्रक आलं की त्याच दिवशी वर्णन आणि पिन केलेली कमेंट बदल. जुन्या वर्षाचा रस्ता सांगणारा व्हिडिओ लोकांना खरोखर त्रासात टाकतो, म्हणून शीर्षकात वर्ष लिहायचंच.

संत्र्याला मात्र अधिक महिना कळत नाही. संत्र्याला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, येतात. अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. हे पंचांगावर ठरत नाही, पाऊसपाणी आणि बागेला पाणी तोडून दिलेल्या ताणावर ठरतं. म्हणून संत्र्यासाठी तारीख ठरवू नकोस, कळमन्याच्या बाजारातली आवक बघ. संक्रांत १४-१५ जानेवारीच्या पलीकडे जात नाही. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात, पण तारखा सरकार ठरवतं. तेव्हा वर्षाच्या तारखांची एक शीट कर आणि तीत सणांपुढे तीन वेगळे रंग दे: तिथीने सरकणारे, तारखेला पक्के, आणि ऐनवेळी ठरणारे.

प्रत्येक मोठ्या हंगामाला तीन व्हिडिओ पुरतात. तीन आठवडे आधी मोठा, आठ ते दहा मिनिटांचा: मारबत म्हणजे काय, काळी आणि पिवळी यांत फरक काय, बडगे म्हणजे काय, महाल-इतवारीत कुठे उभं राहिलं की दोन्ही दिसतात. हा आधी का, तर शोधात वर चढायला वेळ लागतो आणि आदल्या दिवशी टाकलेला व्हिडिओ चढेपर्यंत मिरवणूक घरी गेलेली असते. त्या दिवशी दोनतीन शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ. आणि नंतर आठवड्याच्या आत निवांत केलेला एक, ज्याचं चित्रीकरण पुढल्या वर्षीच्या मोठ्या व्हिडिओत वापरता येईल.

मिरवणुकीत एक हमखास होणारी चूक सांगतो. मागे डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असतं, ते तुझ्या माइकमध्ये शिरतं आणि कॉपीराइटचा दावा येतो. १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो, पण एक मिनिटापेक्षा लांब शॉर्टवर असा दावा लागला तर तो सरळ अडवला जातो, कुणालाच दिसत नाही. म्हणून गाणं असलेला तुकडा ६० सेकंदांच्या आत ठेव किंवा तो आवाज काढ. त्याहून बरं, डीजे पुढे जाईस्तोवर थांब आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, ढोल-ताशा, लोकांचं बोलणं स्वच्छ पकड. ते तुझं स्वतःचं असतं आणि पुन्हापुन्हा वापरता येतं.

तान्ह्या पोळ्याला सजलेली पोरं आणि लाकडी बैल बघून कॅमेरा आपसूक तिकडे वळतो. आईवडिलांना विचारल्याशिवाय चेहरा घेऊ नकोस. शाळेचं नाव, घराचा नंबर, मुलाचं पूर्ण नाव नको. डिजिटल माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आज गोंडस दिसणारा व्हिडिओ त्या मुलाच्या दहावीपर्यंत नेटवर राहतो. पालकांचा होकार व्हिडिओवरच तोंडी घेऊन ठेव, दहा सेकंद लागतात.

चित्रीकरण जपायचा हिशेबही सोपा आहे. मोबाइलवर १०८०पी, ३० फ्रेममध्ये मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात. आठवड्याला ४० मिनिटं, १०० एमबीने धरलं तर चार जीबी. वर्षाला २०० जीबीच्या आसपास. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घे, दोन्हींवर तेच, त्यातली एक दुसऱ्या घरी. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, दिवस, मग जागा आणि विषय, याच क्रमाने. एप्रिल-मेमध्ये डिस्क किंवा फोन स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नकोस. आपल्याकडे सावलीतच पारा ४५ गाठतो, बंद डिक्कीत त्याहून पुढे जातो, आणि बॅटरी फुगते ती अशाच वेळी. त्या दोन महिन्यांत शूटिंग सकाळी नऊच्या आत आटप.

पैशाबद्दल तू शेवटी लाजत विचारलंस, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाहिरातीच्या वाट्यासाठी यूट्यूबला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं हवं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुझा मोठा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं बघत असतील, तर वर्षाला ६०,००० व्ह्यूज पुरतात. एका शहराच्या विषयावर ९० दिवसांत एक कोटीपेक्षा हे कितीतरी जवळचं आहे. वाटाही मोठ्या व्हिडिओला ५५ टक्के, शॉर्ट्सला ४५. तेव्हा शॉर्ट्स ओळख करून द्यायला आणि मोठे व्हिडिओ घर चालवायला, अशी वाटणी ठेव.

हॉटेलवाल्याने फुकट जेवू घातलं किंवा दुकानदाराने वस्तू दिली, तरी ती जाहिरातच. ‘जाहिरात’ हा शब्द कॅप्शनच्या पहिल्या ओळीत आणि व्हिडिओवर दिसेल असा लिही, ‘अधिक’वर दाबल्यावर दिसेल असा नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. एकाच व्यावसायिकाकडून वर्षात २०,००० रुपयांवरच्या वस्तू मिळाल्या तर प्राप्तिकर कायद्याखाली १० टक्के टीडीएस लागतो, म्हणून वस्तूंचीही नोंदवही ठेव. आणि पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची जाहिरात कितीही मोठ्या रकमेला आली तरी नाही म्हण. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान चॅनेलना हे लोक मुद्दाम गाठतात. कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं: ज्या पोरांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, त्यांच्या बापाची पगाराची रक्कम त्या अ‍ॅपमध्ये जाते.

आता जे काम तू जानेवारीत करायचंस ते.

स्टुडिओत अ‍ॅनॅलिटिक्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड मोड. कालावधी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. शॉर्ट्स आणि मोठे व्हिडिओ वेगळे कर, एकत्र आकडा काहीच सांगत नाही. व्ह्यूज, पाहिलेले तास, सरासरी किती टक्के पाहिलं, मिळालेले सबस्क्रायबर, थंबनेलवरच्या क्लिकचं प्रमाण हे रकाने घेऊन सीएसव्ही, म्हणजे शीटमध्ये उघडणारी फाइल, उतरव. शॉर्ट्ससाठी ‘एंगेज्ड व्ह्यूज’ (लगेच पुढे न सरकवता पाहिलेले) हाही रकाना घे आणि २०२४शी तुलना त्याच्याच आधारे कर. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा वाजला तरी व्ह्यू मोजतात. त्यामुळे एप्रिलपासून तुझे आकडे वाढलेले दिसतील आणि त्यातला काही भाग फक्त मोजमापाचा आहे. ‘एप्रिलमध्ये मी काय वेगळं केलं होतं’ याचा शोध घेत बसू नकोस. कमाईच्या पात्रतेलाही एंगेज्ड व्ह्यूजच धरतात.

मग शीटमध्ये दोन रकाने हाताने भर: लाट, हंगाम की बारमाही, आणि त्या व्हिडिओला तुझे किती तास गेले. तासांचा रकाना कोणतंच अ‍ॅप देत नाही, म्हणून तो सगळ्यांत मोलाचा. पाहिलेले तास भागिले तुझे तास, हा एक आकडा काढ. दुसरा, दर हजार व्ह्यूजमागे किती सबस्क्रायबर. समज एका लाटेच्या व्हिडिओला ४०,००० व्ह्यूज आणि २२ सबस्क्रायबर, म्हणजे हजारी अर्धा. तान्ह्या पोळ्याच्या बैलांच्या बाजाराला ३,००० व्ह्यूज आणि ४५ सबस्क्रायबर, म्हणजे हजारी १५. यातला कोणता व्हिडिओ ‘चालला’ हे मग तूच ठरव. सरासरी काढू नकोस, एका व्हायरल व्हिडिओने ती फुगते. सगळे चढत्या क्रमाने लावून मधला घे.

क्लिकचं प्रमाण बघून मन लहान करू नकोस. निम्मी चॅनेल आणि व्हिडिओ २ ते १० टक्क्यांच्या मधेच असतात असं यूट्यूब स्वतः सांगतं. व्हिडिओ होमपेजवर अनोळखी लोकांना दिसू लागला की हे प्रमाण खाली येतं, ती पसरल्याची खूण आहे. पहिल्या ३० सेकंदांची रेष मात्र बारकाईने बघ. तुझ्या बऱ्याच व्हिडिओंत ‘नमस्कार मंडळी’पासून ‘चॅनेल सबस्क्राइब करा’पर्यंत वीसेक सेकंद जातात. शीर्षकात ‘सावजी रस्सा इतका तिखट का’ असं विचारलंस तर पहिल्या वाक्यात उत्तराला हात घाल, नमस्कार त्यानंतर. हा एकच बदल जानेवारी ते मार्चमधल्या सगळ्या व्हिडिओंत कर, दुसरं काही बदलू नकोस, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

इन्स्टाग्रामवर किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं तो आकडा लाइकच्या आधी लिही, नवे लोक तिथून येतात. अ‍ॅप जुन्या तारखा हव्या तितक्या मागे दाखवत नाही, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला हाताने उतरवून ठेव.

आणि ३१ डिसेंबरच्या रात्री हे करायला बसू नकोस. यूट्यूबचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने संपतो, म्हणजे त्यांचा ३१ डिसेंबर आपल्याकडे १ जानेवारीच्या दुपारी दीडला पुरा होतो, आणि आकडे पक्के व्हायला त्यानंतर आणखी दोनेक दिवस लागतात. ४ तारखेला रविवार आहे, तेव्हा फाइल उतरव. दोन रकाने भरून झाले की शीट मला पाठव, सोबत पंचांग बघून लावलेल्या २०२६च्या तारखाही. पोळ्याची तारीख पहिल्यांदा तपासेन.

अनेक आशीर्वाद.